हत्ती टोपीवर, माणसं यादीबाहेर

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातलं गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचं जन्मगाव म्हणून. १६०८ च्या रामनवमीला इथे जन्मलेला हा मुलगा पुढे समर्थ रामदास झाला. जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गोदाकाठच्या बाजूला जांब आहे. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदनच्या पलीकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आसई आहे. जांबचं नाव मराठी माणसाच्या तोंडी असतं, आसईचं मात्र आपल्यापेक्षा इंग्रजांनाच जास्त ठाऊक. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे दौलतराव शिंद्यांची पायदळं आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. वेलस्ली नावाचा जो सेनापती त्या दिवशी जिंकला, तोच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

लढाईचे डावपेच अनेकांनी लिहिले आहेत. मला सांगायचं आहे ते वेगळं: त्या दिवशी कंपनीच्या बाजूने कोण लढलं, त्याची आठवण कोणत्या चित्रात कोरली गेली, आणि त्या चित्राखालची माणसं पुढच्या शंभर वर्षांत कशी बदलून टाकली गेली.

कंपनी म्हणजे खरोखरच कंपनी होती, हे आपण ‘कंपनी सरकार’ म्हणता म्हणता विसरतो. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर तिची कचेरी होती, भागधारक होते, संचालक होते, लाभांश वाटला जात होता. फरक एवढाच, की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या व्यापारी पेढीच्या पगारावर सुमारे दोन लाख शिपाई होते. तेव्हा कंपनीची नोकरभरती म्हणजे मुख्यतः फौजभरती. ती तीन इलाख्यांत तीन तऱ्हांनी चालायची. बंगाल इलाख्याला अवध आणि बिहारमधले ब्राह्मण, रजपूत हवेत. त्यांचा सोवळा स्वयंपाक, त्यांच्या पंगती, सारं सांभाळून त्यांना ठेवलं जाई. मद्रास इलाख्यात तेलुगू, तमिळ, मुसलमान, आणि पायोनियरांच्या, म्हणजे फौजेसाठी वाट करून देणाऱ्यांच्या, तुकड्यांत तर अस्पृश्य मानलेल्या जातींचे पुष्कळ. मुंबई इलाख्याने कोकणातले नि देशावरचे मराठे, महार, बेने इस्रायली, ‘परदेशी’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानी असे सगळे एकाच कंपनीत, एकाच रांगेत उभे केले. यात उदारपणा शोधायला जाऊ नये. मुंबईजवळ मुलूख थोडा, आणि मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणण्याची ऐपत नव्हती.

आणि ज्याला नाही म्हणायचं, त्याला कंपनी स्वच्छ नाही म्हणत असे. १७९१ मध्ये तिने ठरवलं, की ज्याची आई हिंदुस्थानी आहे त्याला कंपनीची सनदी किंवा लष्करी अधिकाऱ्याची जागा मिळणार नाही. स्कॉटिश बापाचा आणि रजपूत आईचा मुलगा जेम्स स्किनर याला हीच अडचण आली. बापाच्या कंपनीत जागा नाही म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत, त्यांचा युरोपियन सेनापती द बॉयन याच्या कवायती पलटणींत गेला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर शिंद्यांच्या चाकरीतल्या अशा मिश्र रक्ताच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांना बाहेर काढण्यात आलं, काहींना कंपनीने आमिष दाखवून ओढून घेतलं. नियमाने दारातून घालवलेला माणूस गरज पडताच खिडकीतून आत आला. स्किनरच्या स्वारांचा रिसाला त्याच वर्षी कंपनीच्या चाकरीत उभा राहिला आणि आजही भारतीय सैन्यात त्याच्या नावाने ओळखला जातो.

आता आसई. १८०३ च्या पावसाळ्यात वेलस्ली गोदाकाठाने, राक्षसभुवनच्या बाजूने छावण्या टाकत फिरत होता. शिंदे आणि नागपूरकर भोसले हैदराबादेकडे उतरतील ही धास्ती होती. जांबच्या परिसरातल्या गावांनी त्या सालची ती घोड्यांची नि बैलांची धूळ कशी सोसली असेल, याची नोंद कुणी ठेवली नाही. फौज कुणाचीही असो, वैरण आणि दाणागोटा गावाचाच जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टिव्हन्सनने जालन्याचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. २१ तारखेला बदनापुरात दोघे सेनापती भेटले आणि दोन वाटांनी उत्तरेला निघाले. २३ ला वेलस्लीला कळलं, की शत्रू अगदी जवळ आहे, आणि स्टिव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ला केला. दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच, हा त्याचा तर्क. वरूड आणि पिंपळगावच्या मधून त्याने केळणा ओलांडली.

त्याच्या फौजेकडे नीट बघावं. गोऱ्या पलटणी तीनच: एकोणिसावे ड्रॅगून स्वार आणि ७४ वी व ७८ वी या स्कॉटिश पलटणी. बाकीचं पायदळ मद्रासचं, म्हणजे तेलुगू, तमिळ आणि दक्षिणी मुसलमान शिपायांचं. स्वारही मद्रासचे, वाट करून देणारे पायोनियर मद्रासचे. जोडीला म्हैसूरचे घोडेस्वार. चार वर्षांपूर्वीपर्यंत टिपूचं जे राज्य होतं, तिथले. आणि पेशव्यांच्या वतीने बापू गोखले आणि निपाणीचे आप्पा देसाई. होय, तेच बापू गोखले, जे १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांशी लढता लढता पडले.

समोरची बाजू कमी रंगीबेरंगी नव्हती. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा म्होरक्या अँथनी पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. एके काळी तो कंपनीचाच सार्जंट होता. त्याच्या हाताखालचे शिपाई बरेचसे अवधकडचे पुरबिये. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. तेव्हा ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ असं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं चित्र त्या मैदानावर कुणाला दिसलंच नसतं. एका हॅनोव्हरवाल्याचे पुरबिये आणि एका आयरिश सरदारपुत्राचे तेलंगी मराठवाड्याच्या काळ्या मातीत एकमेकांना भिडले. शिंद्यांच्या तोफा शंभराच्या आसपास होत्या आणि त्यांनी कंपनीची दाणादाण उडवली. एक तुकडी चुकून थेट आसई गावाकडे वळली, तिच्या पाठोपाठ ७४ वी पलटण गेली आणि जवळजवळ कापली गेली. संध्याकाळपर्यंत कंपनीचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. वेलस्ली म्हातारपणी, वॉटर्लूनंतरही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर आसईचंच नाव घेत असे, असं सांगतात.

आता चित्राकडे. गव्हर्नर जनरलने, म्हणजे सेनापतीच्या थोरल्या भावानेच, लढलेल्या पलटणींना मानाची निशाणं देण्याचा हुकूम काढला. आसईच्या विजयाचं चिन्ह म्हणून हत्ती ठरला. तो स्कॉटिश पलटणीच्या टोपीवर चढला, तसाच मद्रासी पलटणींच्या निशाणांवरही. चित्राच्या बाबतीत कंपनी मुळीच कंजूष नव्हती. त्याआधी श्रीरंगपट्टण पडल्यावर तिने पदक पाडलं होतं: इंग्लंडचा सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे. ते साध्या शिपायालाही दिलं, आणि हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण इंग्लंडच्या राजाने तोवर आपल्या साध्या सैनिकांना असं सरसकट पदक देण्याची पद्धत पाडली नव्हती. फक्त धातू हुद्द्याप्रमाणे: सेनापतीला सोन्याचं, खाली चांदीचं, त्याखाली काशाचं, आणि शिपायाला कथलाचं. चित्र सर्वांना एकच, किंमत ज्याची त्याची. कंपनीच्या भरतीचं सारं तत्त्व त्या कथलात आहे. शिपायाला फार तर सुभेदार होता येई, आणि चाळीस वर्षं घासलेल्या सुभेदारापेक्षा कालच जहाजातून उतरलेला मिसरूड न फुटलेला इंग्रज पोरगा मोठा.

आसईसाठी पदक यायला मात्र १८५१ उजाडलं. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघालं, त्यावर आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, कोरेगाव अशा लढायांच्या पट्ट्या होत्या. ते तेव्हा जिवंत असलेल्यांनाच मिळायचं. १८०३ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई तोवर अडुसष्ट वर्षांचा झाला असेल, म्हणजे बहुतेक गेलेलाच. मानाचा हुकूम काढायचा तो माणसं संपल्यावर, ही सरकारी सवय आपल्याकडे तेव्हापासूनची.

कोरेगावची गोष्ट याच साखळीतली आहे, पण तिथे दगडावर नावं आहेत, म्हणून ती जास्त बोलते. १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी मुंबईच्या पलटणीने पेशव्यांच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवलं. स्मारकाचा स्तंभ १८२२ पर्यंत उभा राहिला. त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यांतली बावीस ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महारांची. बाजूला मराठे, रजपूत, मुसलमान, आणि बेने इस्रायलीही. मुंबईच्या मिश्र भरतीचं इतकं सरळ चित्र दुसरीकडे मिळणं कठीण. इंग्रजांना ते सामाजिक न्यायासाठी कोरायचं नव्हतं, त्यांना फक्त मेलेल्यांची नावं लिहायची होती. पण खरी हजेरी लिहिली की असं होतं.

मग १८५७ झालं. बंगालच्या पलटणी उठल्या. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि नोकरभरतीचं तत्त्वज्ञान बदललं. आता प्रश्न ‘कोण मिळतो’ हा राहिला नाही, ‘कोण लढवय्या जातीचा’ हा झाला. या विचाराचा बडा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स. तो १८८१ ते १८८५ मद्रासचा सेनापती होता, आणि मग १८९३ पर्यंत सगळ्या हिंदुस्थानचा. उत्तरेकडचे शीख, पठाण, पंजाबी मुसलमान, गुरखे हे लढवय्ये. दक्षिणेकडचे लोक मऊ पडले, असं त्याचं ठाम मत. मद्रासच्या पलटणींना लढाईवर फारसं पाठवलं नाही, आणि मग त्यांना लढाईची सवय राहिली नाही असा शेरा मारला. हा युक्तिवाद आजच्याही नोकरीच्या मुलाखतींत ऐकू येतो: अनुभव नाही म्हणून घेत नाही, आणि घेत नाही म्हणून अनुभव नाही.

१८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. हे नुसतं नोकऱ्यांचं नुकसान नव्हतं. लष्करात मुलांना शाळा सक्तीची होती, पेन्शन होती, गावाबाहेरचं जग होतं. कोकणातल्या नि देशावरच्या महार कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्यातून शिकल्या. रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, सुभेदार-मेजर होते. १८९१ मध्ये महूला त्यांच्या पोटी भीमराव जन्मले, आणि पाळण्यातल्या पोराला दोन वर्षं होतात न होतात तोच बापाच्या जातीसाठी लष्कराचं दार लागलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये ही बंदी उठवावी म्हणून अर्जाचा मसुदा केला. १९१० मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. या अर्जांत पुन्हा पुन्हा येणारा पुरावा म्हणजे महारांची जुनी लष्करी चाकरी. कंपनीने फुशारकीसाठी उभारलेला स्तंभ आता वगळलेल्यांच्या हातातला कागद झाला. इंग्रजांनी त्याकडे लक्ष दिलं ते गरज लागली तेव्हाच: १९१७ मध्ये, महायुद्धात, १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ पर्यंत ती मोडून टाकली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले, ते या पार्श्वभूमीवर. पुढे १९४१ मध्ये दुसऱ्या युद्धात बेळगावला महार रेजिमेंट निघाली, आणि तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

इकडे मद्रासी हत्तीचं काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. १९०३ मध्ये हिंदुस्थानचा सेनापती किचनेर याने सगळ्या पलटणींना नवे क्रमांक दिले. मद्रासच्या जुन्या क्रमांकात साठ मिळवायचे, मुंबईच्या क्रमांकात शंभर. आसईला लढलेली मद्रासची दुसरी पलटण झाली ‘६२ वी पंजाबी’. नुसता क्रमांक बदलला नाही. मद्रासी शिपाई काढून पंजाबी भरले. आसईचा मान, जुनी परंपरा, निशाणावरचं सारं तसंच पुढे चालू राहिलं. आसईत तेलुगू नि तमिळ मुलखातल्या माणसांनी रक्त सांडलं, आणि शंभर वर्षांनी तो मान झेलमकाठच्या जवानांच्या नावावर. दोष त्या पंजाबी जवानांचा नाही, ते तर पुढे मेसोपोटेमियात मेले. चौथी मद्रासी पलटण ६४ वी पायोनियर झाली. पायोनियर पलटणी १९३३ मध्ये सगळ्याच मोडल्या. मद्रास रेजिमेंट म्हणून जी उरली होती तीही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुंडाळली, आणि दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर पुन्हा उभी केली. हत्ती मात्र तिच्या बिल्ल्यावर परत आला आणि आजही आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्याने हिंदुस्थानी लोकांविरुद्धच्या लढायांचे मान साजरे न करण्याचं धोरण ठेवलं, त्यात आसईही आली. म्हणजे लढाई साजरी करायची नाही, पण हत्ती टोपीवर ठेवायचा. मला यात विसंगती दिसते, पण ती मोडावी असं वाटत नाही. तो हत्ती मद्रासी माणसाकडे परत आला हेच पुष्कळ. ६२ वी पंजाबी मात्र फाळणीत पाकिस्तानकडे गेली. तिथल्या सैन्यातली ती सर्वांत जुनी पायदळ पलटण.

जालन्यावर आता पुन्हा येऊ, कारण जिल्ह्याची याहून जवळची एक गोष्ट आहे. शिंद्यांनी १८०३ च्या अखेरीला सुर्जी अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगराखालचा मुलूख सोडला, त्यात जालनाही होतं; तो निजामाकडे गेला. निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांखाली चालणारी फौज तयार झाली. रेसिडेंट हेन्री रसेलच्या नावाने १८१३ मध्ये ‘रसेल ब्रिगेड’ निघाली, तिच्यातून पुढे हैदराबाद कंटिन्जंट. जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर अशा मराठी गावांत तिच्या छावण्या होत्या. पगार थकला म्हणून १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांना वऱ्हाडच तोडून दिलं. खर्च मराठी आणि तेलुगू रयतेच्या महसुलातून निघत होता, शिपाई मात्र बरेचसे उत्तर हिंदुस्थानातून आणले जात. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात मिसळली. १९२२ मध्ये तिची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि तोवर तिच्यात कुमाऊंनी, अहीर, जाट हेच प्रमुख होते. २७ ऑक्टोबर १९४५ ला नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट केलं. निदान ती खोटी पाटी उतरवली, हे बरं झालं. पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा १९४२ मध्ये दाखल झाले ते या ‘हैदराबाद’ रेजिमेंटमध्येच. आणि बिल्ला? हातात क्रूस धरलेला अर्धा सिंह. तो रसेल घराण्याच्या चिन्हातला, आजही कुमाऊंनी जवानाच्या टोपीवर.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी थोड्या सरळ झाल्या, पण एका रांगेत नव्हे. महार रेजिमेंटने कोरेगावचा स्तंभ बिल्ल्यावरून काढला, तिथे कट्यार आली. नाव राहिलं, पण भरती हळूहळू सगळ्या समाजांतून होऊ लागली. सर्व जातींची, सर्व प्रांतांची पहिली रेजिमेंट म्हणून लष्करप्रमुख करिअप्पांच्या काळात १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली. बाकी अनेक रेजिमेंटा जात नि प्रांत पाहूनच माणसं घेत राहिल्या. २०२२ च्या अग्निपथ योजनेने भरती सर्व देशातून, सर्व वर्गांतून करण्याचं जाहीर केलं. घनसावंगी, अंबड, परतूरची जी पोरं पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पळतात, त्यांच्यासाठी हा बदल कागदावरून मैदानात किती उतरतो, हे येत्या काही वर्षांत नावांच्या यादीवरूनच कळेल. जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवू नये. कथलाचं पदकसुद्धा चकाकतच होतं.

या सगळ्यात एक तुकडी अशी आहे, जिच्यात भरती आणि चित्र या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या आहेत. राष्ट्रपतींचे अंगरक्षक. ही तुकडी कंपनीचीच: वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये बनारसला पन्नास निवडक मोगल स्वारांपासून उभी केली. दरबारी समारंभांत दिसायला ती एकसारखी असावी लागते. २०१३ मध्ये सैन्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की या तुकडीत हिंदू जाट, जाट शीख आणि रजपूत एवढेच घेतले जातात, कारण समारंभासाठी उंची, बांधा आणि रूप सारखं लागतं. म्हणजे ज्या पन्नास मोगल स्वारांपासून ही तुकडी सुरू झाली, त्यांच्या वंशातला मुसलमान मुलगा या यादीत बसत नाही, आणि जांब समर्थचा मराठा, महार किंवा वंजारी मुलगाही बसत नाही.